वहीतले पॅरिस

प्रवासाला निघण्यापूर्वी मध्यमवर्गी माणसाला आणखी एक प्रवास करावा लागतो, तो वहीतला. त्याला तिकीट पडत नाही की सामान बांधावे लागत नाही. पण दमछाक व्हायची ती होतेच. खर्चाचा अंदाज म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी असे ज्यांना वाटते, त्यांनी नवरा-बायको मिळून कधी वही भरलेली नसावी. कोणत्या ओळीवर हात आखडतो आणि कोणत्या ओळीला हात लावू दिला जात नाही, यावरून माणूस कळतो.

आमच्या वहीवर यंदा सौ.ने ठसठशीत अक्षरांत 'पॅरिस' असे लिहिले. मी शाळामास्तर. चार कादंबऱ्या नावावर आहेत खऱ्या, पण त्यांनी संसाराला हातभार लावला तो पानसुपारीपुरता. मग पॅरिसच का? लहानपणी साने गुरुजींचे 'दुःखी' वाचले होते, ह्यूगोच्या कादंबरीवरून लिहिलेले. एका पावाच्या चोरीपायी बंदिखान्यात गेलेला तो माणूस पुढे ज्या शहरात लपतछपत राहिला, ते शहर तेव्हापासून मनात घर करून आहे. सौ.नेही ते पुस्तक माझ्याइतकेच डोळे पुसत वाचलेले. वीस वर्षे पै-पैसा करून आम्ही साडेचार लाख रुपये बाजूला टाकले, ते त्यासाठी.

विमानभाड्याचा आकडा एकदा लिहून त्यावर हात ठेवावा, पुन्हा पाहू नये. व्हिसाची फी माणशी ९० युरो. युरोला शंभरावर रुपये पडतात. म्हणजे युरोच्या आकड्यापुढे दोन शून्ये द्यावीत आणि वर थोडी चिंता मिळवावी, की रुपये होतात. आजारपणाचा विमा हवा, तोही निदान तीस हजार युरोंचा. शिवाय हॉटेल आधी ठरवलेले असले, तरी माणशी रोजचे ६५ युरो गाठीशी असल्याचे दाखवावे लागते. आमच्यासाठी फ्रेंच सरकारनेच अंदाज मांडून ठेवला म्हणायचा, आणि तो आमच्या अंदाजापेक्षा पुष्कळच सढळ हाताचा निघाला!

लूव्ह्रपाशी मात्र मी अडलो. २०२६ च्या जानेवारीपासून तिथे युरोपाबाहेरच्या पाहुण्याला तिकीट ३२ युरो, युरोपातल्याला त्याहून कमी. "हा पंक्तिप्रपंच झाला," मी म्हणालो.

"अहो, अजिंठ्याला आपण काय करतो?" सौ. म्हणाली. "आपल्याला ४० रुपये आणि गोऱ्या पाहुण्याला ६००. त्याने कधी तक्रार केली का?"

मी मुकाट्याने ६४ युरो मांडले.

मग तिने वहीचे नवे पान उघडले आणि वर लिहिले, 'फुकट'. ते पान बघता बघता भरत गेले. नोत्र-दामचे देऊळ २०१९ मध्ये आगीत सापडले, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडले. तिथे आत जायला पैसे पडत नाहीत. शहराच्या इतिहासाचे कार्नाव्हाले संग्रहालय आणि चित्रांचे प्ती पाले, दोन्हीकडचा कायमचा संग्रह फुकट. आयफेल मनोऱ्याच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या आहेत. पायी चढणाऱ्याला लिफ्टपेक्षा कमी पैसे पडतात, पण सौ.चे गुडघे पाहता आम्ही तो नदीपलीकडच्या त्रोकादेरोवरून डोळे भरून पाहणार. त्याला पैसे नाहीत.

आणि पाणी! १८७०-७१ च्या लढाईत त्या शहराचे फार हाल झाले. पुढे १८७२ पासून रिचर्ड वॉलेस या इंग्रज धनिकाने रस्तोरस्ती बिडाच्या हिरव्या पाणपोया बसवून दिल्या. कमानीखाली चार बायका डोक्यावर छत घेऊन उभ्या, मधून पाण्याची धार. त्या अजून वाहतात. थंडीत पाणी गोठेल म्हणून तेवढ्या बंद असतात. परक्या गावाच्या तहानेसाठी पैसे टाकणारा तो माणूस सौ.ला लूव्ह्रपेक्षा जास्त आवडला.

एवढ्यात गावाहून दादांचा फोन आला. माजघरावरचे आढे वाळवीने पोखरले आहे, येता पावसाळा निघणार नाही. "कौले उतरवून स्लॅबच टाकू. तुझ्या वाट्याचे चार लाख धर," ते म्हणाले. दोन दिवस वही उघडली नाही. त्या माजघरात माझा जन्म झाला, आई तिथेच गेली. पॅरिस काय, माझ्यावाचून हजार वर्षे उभे आहे!

तिसऱ्या दिवशी सौ.नेच वही काढली. "दादांना सांगा, स्लॅब नको. आढे आणि वासे बदलू, फुटलेली कौले नवी घालू. आपला वाटा दीड लाख. एप्रिलात काम, मेच्या सुट्टीत आपण." मग दहा दिवसांचे सहा झाले. व्हर्सायचा राजवाडा गेला, सेन नदीतली होडी गेली. दुपारच्या जेवणाच्या जागी पाव आणि चीज आले. लांबोडा बागेत युरोच्या आसपास मिळतो. ज्या पावापायी त्या बिचाऱ्याचे आयुष्य गेले, तो आम्ही राजरोस विकत घेऊन खाणार.

शेवटी माझी नजर एका ओळीवर गेली : 'कॉफी, बसून, दोघांची.' मी म्हणालो, "तिथल्या कॅफेत काउंटरशी उभ्याने प्यायली तर स्वस्त पडते. ही काटू या."

तिने पेन्सिल माझ्या हातातून काढून घेतली. "अहो, लग्न झाल्यापासून सकाळचा चहा मी ओट्याशी उभ्यानेच पीत आले. ही ओळ राहू दे."

दादांचा होकार आला आहे. सुताराला विसार दिला, व्हिसाच्या कागदांची चळत बांधून ठेवली. विमानाच्या भाड्यात अजून थोडे कमी पडते. ते या दिवाळी अंकांच्या मानधनातून निघेल अशी आशा आहे. कॉफीची ओळ मी शाईने गिरवून घेतली आहे.