शेगडी नंतर, आधी गॅस

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "अरे, छोटा गॅस स्टोव्ह घ्यायचाय, कुठला घेऊ?" मग फोटो यायला लागतात. हा घडीचा, तो आपोआप पेटणारा, हा मुठीत मावतो, त्याच्यावर मोठं पातेलं राहतं. सगळी चर्चा बर्नरची. वजन किती, ज्योत किती मोठी, पितळी की स्टीलचा.

माझं म्हणणं असं की बर्नर ही सगळ्यात शेवटी निवडायची गोष्ट आहे. आधी ठरवायचं ते हे, की गॅस कशात भरलेला असेल, तो संपल्यावर परत कुठे मिळेल आणि आपण तो वापरायच्या जागेपर्यंत धडपणे नेऊ शकतो का. आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात. प्रोग्रॅम कितीही सुंदर लिहा, तो ज्या लायब्ररीवर उभा आहे ती उद्या मिळेनाशी झाली की सगळं मुसळ केरात. स्टोव्हचंही तसंच. गॅस नसलेला स्टोव्ह म्हणजे सॅकमधलं उगाच वाढवलेलं वजन.

आता गरज दोन प्रकारची. एक, गडावरचा एखाद-दुसरा मुक्काम. दुसरी, घरातली अडीअडचण. लोक एकाच खरेदीत दोन्ही उरकायला बघतात आणि तिथेच गफलत होते. म्हणून आधी थोडं गणित करू. (इंजिनिअर माणूस आहे, चालवून घ्या.)

एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल लागतात. एक ग्रॅम एलपीजी जळला की जवळपास ४६ किलोज्यूल मिळतात. पण छोट्या स्टोव्हची अर्धी उष्णता भांड्याच्या कडेने हवेत जाते असं धरा. म्हणजे लिटरमागे साधारण १४ ग्रॅम. बाजारात मिळणारा गॅसचा डबा २२० किंवा २३० ग्रॅमचा असतो. म्हणजे एका डब्यात पंधरा-सोळा लिटर पाणी उकळेल. वारा नसेल तर! उघड्या माचीवर, आडोसा न करता हाच खर्च सहज दुप्पट होतो.

सहा जण राजगडावर एक रात्र राहणार असतील तर दोन वेळचा चहा, रात्रीची खिचडी, सकाळचं मॅगी एवढं एका डब्यात बसतं. दुसरा डबा हाताशी असला की झोप चांगली लागते.

आता घरचं गणित. चौघांच्या घरात १४.२ किलोची टाकी पस्तीस-चाळीस दिवस जाते. म्हणजे रोजचे साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. थोडक्यात, ट्रेकवर दोन वेळा पुरणारा तो डबा घरात एक दिवससुद्धा पुरत नाही. हा आकडा डोक्यात असला की "ट्रेकलाही होईल आणि इमर्जन्सीलाही" या वाक्यातली हवा निघून जाते.

बरं, डब्यांमध्येही दोन जाती. एक लांबट, हेअर स्प्रेसारखा दिसणारा. तो त्या चपट्या, चौकोनी शेगडीत आडवा बसतो. याला कॅसेट स्टोव्ह म्हणतात. जपानच्या इवातानी कंपनीने १९६९ साली हा बाजारात आणला. तिथे तो जेवणाच्या टेबलावर ठेवून वापरतात. १९९५ मध्ये कोबेला मोठा भूकंप झाला, तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे एकमेकांच्या शेगडीत बसत नाहीत ही अडचण पुढे आली. मग १९९८ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय मानकात डब्याचा आकार एकच ठरवला गेला. मला ही गोष्ट फार आवडते. संकटातून शिकून त्यांनी बर्नर सुधारण्यापेक्षा आधी जोड एकसारखा केला.

दुसरी जात बुटक्या, घुमटासारख्या डब्याची. याच्या डोक्यावर आटे असतात आणि बर्नर थेट त्यावर फिरवून बसवायचा. बर्नरचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, खिशात मावतो. कॅसेट स्टोव्ह मात्र दीड-दोन किलोचं धूड. पण तो जमिनीवर स्थिर बसतो आणि त्याचे डबे स्वस्त असतात. आट्यांचा बर्नर डब्यावर उंच उभा राहतो, त्यामुळे मोठं पातेलं ठेवलं की डुगडुगतो. कातळावर सपाट जागा शोधताना हे लक्षात येतं. नळी असलेला, तीन पायांचा बर्नर हा यातला मधला मार्ग. डबा बाजूला, ज्योत बाजूला. लांबट डबा बसवायचा जोड मिळाला तर स्वस्त डबेही चालतात. सहा जणांच्या ट्रेकला मी हाच सुचवतो.

आत काय भरलंय हेही वाचा. लांबट डब्यात बहुधा ब्यूटेन असतो. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. त्याच्या खाली तो द्रवच राहतो आणि स्टोव्ह पेटत नाही. शिवाय गॅस निघत असताना डबा स्वतःच गार होत जातो, त्यामुळे सात-आठ अंशांनाही ज्योत मलूल होते. सह्याद्रीत हे चालून जातं. कळसूबाई आपलं सगळ्यात उंच शिखर, तेही १६४६ मीटर. डिसेंबरातली पहाट सोडली तर अडत नाही. पण केदारकांठ्याला हिवाळ्यात जाणार असाल तर आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रणच हवं. आयसोब्यूटेन उणे बारा अंशांच्या आसपास उकळतो आणि प्रोपेन उणे बेचाळीसला. आणि हे डबे विमानात नेता येत नाहीत, ना हातातल्या बॅगेत ना चेक-इनमध्ये. म्हणजे तिकडे पोचूनच विकत घ्यायचे.

इथपर्यंत वाचून कोणीतरी म्हणणारच, "एवढे महाग डबे कशाला? घरच्या टाकीतून भरून घेऊ की." त्यासाठीचे जोड ऑनलाइन मिळतात, भरून दाखवणारे व्हिडिओही आहेत. आमच्या ग्रुपमध्ये यावरून चांगलीच जुंपली होती. मी एवढंच सांगितलं: ४० अंशांना ब्यूटेनचा दाब वातावरणाच्या पावणेचार पट असतो आणि प्रोपेनचा साडेतेरा पट. घरच्या टाकीत या दोघांचं मिश्रण असतं आणि ती टाकी जाड पोलादाची असते. ब्यूटेनसाठी बनवलेल्या पातळ पत्र्याच्या डब्यात ते भरायचं, तेही किती भरलं याचा अंदाज नसताना. मग तो डबा मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत. शंभर वेळा काही होणार नाही. एकशे एकाव्या वेळी जे होईल त्याला बॅकअप नाही.

बाजारात सर्रास दिसणारी ती छोटी रंगीत टाकी, वर बर्नर बसवलेली, हीसुद्धा याच जातकुळीतली. ती कोपऱ्यावरच्या दुकानात घरगुती सिलिंडरमधून भरून देतात. हे बेकायदेशीर आहे. एलपीजीच्या पुरवठ्यासाठी २००० सालचा नियंत्रण आदेश आहे, आणि सिलिंडर भरायला परवाना लागतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या टाकीची तपासणी कोणी, कधी केली हा प्रश्न उरतोच. कंपनीच्या टाकीच्या गळ्याजवळच्या पट्टीवर बघा, ए-२८ किंवा सी-२९ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे पुढची तिमाही, याप्रमाणे. पुढची तपासणी केव्हा करायची ते त्यात कळतं. रंगीत टाकीवर असलं काही नसतं.

आता सगळ्यात नावडता मुद्दा. आपले निम्मे ट्रेक रेल्वेने होतात. कर्जत, कसारा, लोणावळा. रेल्वेत गॅस न्यायला बंदी आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. "एवढासा डबा कोण बघतंय?" खरंय, बहुतेक वेळा कोणी बघत नाही. २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराईला उभ्या असलेल्या एका खासगी पर्यटक डब्यालाही आग लागेपर्यंत कोणी बघितलं नव्हतं. प्रवाशांनी चोरून आणलेल्या सिलिंडरमुळे आग लागल्याचं रेल्वेने सांगितलं. नऊ माणसं गेली. एसटीतही ज्वलनशील सामान नेता येत नाही.

मग रेल्वेने किंवा एसटीने जाणाऱ्याने करायचं काय? स्टोव्ह न्यायचाच नाही. हरिश्चंद्रगडाला पाचनईत, राजगडाला गुंजवण्यात, कळसूबाईला बारीत आधी फोन करून सांगितलं की पिठलं-भाकरी मिळते. चार पैसे गावात जातात आणि सॅक हलकी होते. थर्मासमध्ये चहा घ्यायचा. स्वतःच्या गाडीने जाणार असाल, आणि गडावर मुक्कामाला व चूल-स्टोव्हला परवानगी असेल, तरच पुढचा विचार. कारण बऱ्याच जागा अभयारण्यात किंवा संरक्षित स्मारकात येतात.

आणि तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. बाहेर पाऊस पडत असला तरीही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक एका हॉटेलच्या बंद खोलीत गेले. थंडी म्हणून रात्री गॅसचा हीटर लावलेला होता. त्यात लहान मुलंही होती. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला जाग येत नाही. गॅसला जो वास असतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळल्यानंतर तयार होणाऱ्या विषाला तसा कोणताही इशारा नाही.

कॅसेट स्टोव्ह वापरताना अजून एक. डबा झाकला जाईल एवढं मोठं भांडं किंवा तवा ठेवू नका. खालून परतणारी उष्णता डब्याला तापवते. चांगल्या शेगडीत दाब वाढला की डबा आपोआप सुटून गॅस बंद होतो. घेताना ही सोय आहे का ते विचारा. माझ्या यादीत ऑटो इग्निशनपेक्षा हिचा नंबर वर आहे. काडेपेटी कुठेही मिळते.

राहिली घरची अडचण. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली होती. आमची आत्या तिथलीच. तिच्या बिल्डिंगच्या तळमजल्यात पाणी शिरलं आणि वीज गेली. वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडांकडे फक्त इंडक्शन होतं, ते झालं शोभेचं. आत्याची भरलेली जादा टाकी खाली जिन्याच्या खोलीत, म्हणजे पाण्यात. चालू टाकी किती उरलीय हे कोणालाच माहीत नाही. तीन घरांनी त्याच एका टाकीवर दिवसातून एकदा खिचडी आणि दोनदा चहा, असे दिवस काढले. आत्या अजून सांगते, "अरे, भुकेपेक्षा ती ज्योत कधी विझेल याचीच जास्त धास्ती होती."

तिच्यासाठी काय घ्यायचं हा प्रश्न आला तेव्हा घरात सगळ्यांचं मत कॅसेट स्टोव्हकडे होतं. दिसायला छान, वापरायला सोपा. पण वरचं गणित मांडा. काटकसरीने, दिवसाला दोनशे ग्रॅम धरले तरी रोज एक डबा. आठवड्याचे सात. ते कुठे ठेवायचे, जुने झाले की बदलायचे कोणी, आणि पुरात सांगलीच्या बाजारात ते मिळणार कुठून? त्याऐवजी कंपनीची ५ किलोची टाकी घेतली. इंडियन ऑइल हिला 'छोटू' म्हणतं. ओळखपत्र दाखवून मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. एजन्सीत किंवा काही पेट्रोल पंपांवर बदलून मिळते. रोजचे दोनशे ग्रॅम धरले तर पंचवीस दिवस. भरलेली टाकी दहा किलोच्या पुढे जाते, म्हणजे गडावर न्यायला कुचकामी. पण ती गडावर न्यायचीच नाहीये.

म्हणजे शेवटी एका प्रश्नाची तीन उत्तरं झाली. रेल्वेने जाणार असाल तर स्टोव्ह नको. गाडीने जाणार असाल तर नळीचा बर्नर आणि दोन सीलबंद डबे. घरासाठी कंपनीची छोटी टाकी, रेग्युलेटर आणि एक साधी शेगडी. जो एकच स्टोव्ह हे तिन्ही करतो असं दुकानदार सांगेल, तो बहुतेक तिन्ही अर्धवट करेल.

आत्याची टाकी आता वरच्या मजल्यावर, बाल्कनीत, सावलीला उभी असते. बंद कपाटात किंवा पलंगाखाली नाही, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. दर वर्षी जूनच्या पहिल्या रविवारी मी फोन करतो. ती वॉशर बघते, नळीला साबणाचं पाणी लावते, शेगडीवर एक कप चहा करते आणि टाकी बंद करते. पाच मिनिटांचं काम. तुमच्याकडे असं काही असेल तर या रविवारी एकदा पेटवून बघा.