मागच्या सीटवरून एक मत

मोटरसायकल कोणती घ्यावी, हे आपल्या घरांत बायकांना सहसा कोणी विचारत नाही. चालवणार पुरुष, पैसे देणार पुरुष, म्हणून निवडही त्याचीच, असा रिवाज आहे. पण गाडीवर बसणारी माणसे दोन असतात आणि रस्त्यातला प्रत्येक खड्डा मागच्या सीटलाही कळतो. मागच्या वर्षी आमच्या घरी महिनाभर गाडीची चर्चा चालली. दुसऱ्या घरांतही अशी चर्चा होत असेल, म्हणून त्या मागच्या सीटवरून हे चार शब्द लिहीत आहे.

माझे पती 2002 साली कुवेतला गेले आणि 2024 मध्ये कायमचे चिपळूणला परतले. बावीस वर्षे त्यांनी एसी दुरुस्तीचे काम केले. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांची सुट्टी मिळायची. त्या सुट्टीत धाकट्या दिरांची स्कूटर मागून घ्यायची आणि टाकी भरून परत करायची. जुलै 2021 च्या महापुरात ती स्कूटरही बाजारपेठेत पाण्याखाली राहून भंगारात गेली. परतल्यावर यांनी दुरुस्तीचे छोटे दुकान सुरू केले. दुकानाची ये-जा, सासूबाईंचा दवाखाना, कऱ्हाडला दिलेली मुलगी, खेडची नणंद. घरात एक गाडी हवीच होती. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला, तेव्हा हे म्हणाले, "आता घेऊन टाकू."

नावे दोन निघाली. एक रॉयल एनफील्डची क्लासिक 350 आणि दुसरी होंडाची युनिकॉर्न. एक जुन्या थाटाची, दुसरी आजच्या काळाची, साधी आणि कामाची.

जुन्या थाटाची म्हणजे काय, हे मला यांच्याकडूनच कळले. गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, लांब वळलेले मडगार्ड, आणि थांबली तरी ओळखू यावी अशी धिमी धडधड. बुलेट हे नाव मूळचे इंग्लंडचे. रेडिच गावच्या कारखान्याने ते 1932 मध्ये पहिल्यांदा वापरले. 1950 च्या दशकात आपल्या लष्कराने या गाड्या मागवल्या, 1955 मध्ये मद्रासमध्ये भागीदारीत कंपनी उभी राहिली आणि पुढे तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात गाड्या बनू लागल्या. इंग्लंडमधली मूळ कंपनी 1970 च्या सुमारास बंद पडली. आपल्याकडची मात्र चालू राहिली. क्लासिक हे त्याच घराण्यातले 2009 चे मॉडेल.

हे आयटीआयला होते तेव्हा गावात एकच बुलेट होती, डॉक्टरांची. ती सुरू करणे हे एक कसबच होते. डीकॉम्प्रेसरची छोटी कळ दाबायची, अँपिअरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू खाली न्यायची, मग एकच दणका. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. डॉक्टर ती पोरांना कधी चालवू देत नसत, पण पुसायला देत. "मी ती गाडी दोन पावसाळे पुसली," हे आजही सांगतात.

आता गंमत अशी, की आजच्या क्लासिकमध्ये यातले काहीच उरलेले नाही. 2021 मध्ये तिचे इंजिन नव्याने बनवले. आता किकच नाही, बटण दाबायचे. गिअर सगळ्या गाड्यांसारखा डाव्या पायाला. हादरे कमी करायला इंजिनात आत वेगळा बॅलन्सर बसवलेला आहे. पुढे-मागे डिस्क ब्रेक, एबीएस. यांनी शोरूममध्ये गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, खाली वाकून इंजिन पाहिले आणि मला हळूच म्हणाले, "कपडे आजोबांचे आहेत, अंग नातवाचं." मेकॅनिकचा निकाल मेकॅनिकच्या भाषेत.

म्हणजे प्रश्न जुने की नवे असा नव्हताच. दोन्ही गाड्या नव्याच होत्या. प्रश्न होता की दिसण्यासाठी आणि त्या धडधडीसाठी पाऊण लाखाहून अधिक रुपये जास्त मोजायचे का?

हिशेब करायची सवय मला यांच्या गैरहजेरीत लागली. त्या वहीत मी दोन रकाने आखले. युनिकॉर्नचे इंजिन 162.7 सीसीचे, ताकद सुमारे 13 बीएचपी, वजन 140 किलोच्या आसपास. क्लासिकचे 349 सीसी, 20 बीएचपी आणि वजन 195 किलो. मोहल्ल्यातल्या गाड्यांच्या अनुभवावरून एक लिटरला 50 किलोमीटर जाणार, दुसरी 35. आमची महिन्याची फिरती सहाशे किलोमीटर धरली, तर एकीला 12 लिटर, दुसरीला 17. म्हणजे महिन्याला पाचशेच्या वर फरक. शिवाय क्लासिकचा विमा महाग, टायर महाग. पेन्शन नसलेल्या घरात पाचशे रुपये म्हणजे पाचशेच असतात.

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणाले, "बावीस वर्षं बाहेर राहून युनिकॉर्न? लोक काय म्हणतील?" दुसऱ्याने त्याच्यावर कडी केली, "बुलेट घ्या, भाई, जरा दिसायला नको का?" एका बुजुर्गांचे म्हणणे उलट होते. परदेशातून आलेल्या पैशाला पाय फुटतात, गाडीत घालू नका, असे ते म्हणाले. पुण्याला शिकणारा आमचा मुलगा फोनवर आकडे वाचून दाखवत होता. तरुण मुलगा बापाला बुलेट घेऊ नका म्हणतो, याचे सासूबाईंना फार नवल वाटले.

शेवटी एका रात्री जेवताना हे म्हणाले, "युनिकॉर्नच घेऊ. शहाणपणाचं तेच आहे."

मला ते पटले नाही. गाडी वाईट होती म्हणून नव्हे. चांगली गाडी आहे, माझ्या भावाकडे आहे. मला खटकला तो यांचा आवाज. तो आवाज मी बावीस वर्षे फोनवर ऐकला होता. ईदला स्वतःसाठी कपडे घेतले का विचारले की, "आहेत की मागचे." गुडघा दुखतो तर डॉक्टरांकडे जा म्हटले की, "सुट्टीत बघू." त्या पगारातून घराचा स्लॅब पडला, नणंदेचे लग्न झाले, दोन मुले शिकली, सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. प्रत्येक वेळी शहाणपणाचे तेच होते आणि ते यांनीच केले. पण माणूस इतकी वर्षे स्वतःला नाही म्हणत राहिला की पुढे त्याला दुसरे उत्तर सुचत नाही. त्याला लोक साधेपणा म्हणतात. मला त्यात थोडी भीतीही दिसते, आपल्यासाठी काही घेतले तर कोणाचे तरी कमी पडेल अशी.

मी म्हटले, "लोकांना दाखवायला घेणार असाल तर मीच नको म्हणेन. तुम्हाला हवी आहे म्हणून घ्यायची असेल, तर हिशेब मी करते."

उधळपट्टी आपल्याकडे नापसंत आहे, हे लहानपणापासून ऐकत आलो. पण हात आखडता घेणेही पसंत नाही, हे आपण सोयीने विसरतो. वाट मधली आहे, आणि मधली वाट प्रत्येक घराची वेगळी असते. मी तीन गोष्टी पाहिल्या. कोणाचा हक्क बाजूला सारून ही गाडी येते का? नाही, मुलाच्या फीचे पैसे वेगळे होते, कोणाचे देणे नव्हते. व्याजाच्या हप्त्यावर येते का? शोरूममधला मुलगा कमी डाउन पेमेंटची योजना आग्रहाने समजावत होता. आम्ही रोख मोजणार म्हटल्यावर गप्प बसला. आणि तिसरी गोष्ट, ती वापरली जाईल की अंगणात मिरवेल? हे मात्र बसून पाहिल्याशिवाय कळणार नव्हते.

म्हणून दोन्ही गाड्यांवर मी स्वतः मागे बसले. आमच्या बहुतेक बायका एका अंगाला बसतात. मी आता दोन्हीकडे पाय टाकून बसते. घाटात तेच सुरक्षित. बुरख्याचा घेर गुडघ्याखाली दाबून घ्यावा लागतो. भगिनींनो, एक गोष्ट जरूर लक्षात ठेवा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण सक्तीचे आहे. आपण ज्याला साडी-गार्ड म्हणतो ते हेच. साडी, ओढणी, बुरखा चाकात अडकू नये म्हणून ते असते. हौशी पोरे गाडी 'मोकळी' दिसावी म्हणून ते काढून टाकतात. काढू देऊ नका. आणि हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही कायद्याने लागते. मी स्कार्फ घट्ट बांधून त्यावर घालते, जमते.

क्लासिकची मागची सीट मला पुरेशी वाटली, मूठ हाताला बरोबर आली. यांची पाठ सरळ राहिली. गिअरची दांडी पुढे-मागे दोन्हीकडे असल्याने टाचेनेही गिअर पडतो, त्यामुळे दुखऱ्या गुडघ्याला बरे. कुंभार्ली घाटात दोन माणसे आणि एक पिशवी घेऊन चढायचे तर हलक्या गाडीला जोर लावावा लागतो. क्लासिकचा टॉर्क 27 न्यूटन मीटर, युनिकॉर्नचा साडेचौदाच्या आसपास. पण गाडी थांबली की 195 किलो म्हणजे 195 किलो. आमच्या घराची गल्ली उताराची, जांभ्या दगडाची, पावसात शेवाळलेली. म्हणून मी हट्ट धरला की गाडी आमच्या गल्लीत आणूनच पाहायची. यांनी ती बंद करून ढकलली, वळवली, स्टँडवर लावली. तीनदा केले. तिसऱ्यांदा धाप लागली, पण गाडी हातातून गेली नाही. मग ठरले, गाडी वर आणायचीच नाही. गल्लीच्या तोंडाशी दिरांची शेड आहे, तिथे राहील. मुसळधार पावसात रिक्षा करायची, हेही ठरले.

क्लासिक आली. रंग काळा. सासूबाईंनी दुआ केली आणि म्हणाल्या, "आवाज असा आहे की आता अजानच्या आधी मोहल्ल्याला कळेल, कोण चाललंय मशिदीत." तेव्हापासून फजरला हे पायीच जातात. शेजारी लहान बाळ आहे.

माझा निकाल सगळ्यांना लागू पडणार नाही. रोज पन्नास किलोमीटर कामावर जाणाऱ्याने, नुकताच संसार मांडलेल्याने, किंवा उंची-ताकद बेताची असलेल्याने हलकी, जास्त मायलेजची गाडीच घ्यावी. पाऊण लाखात घरातली दहा कामे होतात. पंचवीस वर्षांच्या मुलाने कर्ज काढून बुलेटचा हट्ट धरला, तर मी आजही नाहीच म्हणेन. जुन्या थाटासाठी घर अडचणीत आणण्यात अर्थ नाही. पण पन्नाशी ओलांडलेला माणूस, सगळी देणी फेडून, रोखीने एक आवडीची वस्तू घेत असेल, तर त्याच्या हातात मायलेजचा तक्ता देण्याआधी घरच्यांनी एकदा विचार करावा. त्याच्या जन्माचा हिशेब त्या तक्त्यात नसतो.

वही मी अजून ठेवते. पेट्रोलचा खर्च महिन्याला अंदाजापेक्षा थोडा जास्तच येतो, कारण फिरती वाढली आहे. पूर्वी फोनवर यांचा पहिला प्रश्न असायचा, "किती पाठवू?" आता दुकान बंद करून येतात, हेल्मेट दारात ठेवतात आणि विचारतात, "रविवारी कुठं जायचं?" मागच्या रविवारी आम्ही कऱ्हाडला मुलीकडे गेलो. घाट चढून वर चहा घेतला. कंबर थोडी धरली, पण पुढच्या वेळचे मी आधीच सांगून ठेवले आहे: गुहागरचा समुद्र.