दिलेली जागा व मिळालेली जागा

एकत्र कुटुंबांत जागेचा प्रश्न कायमचा असा कधींच सुटत नाहीं. माजघर वाढविलें तर कोठीची खोली अपुरी पडते. माडी चढविली तर जिना कोणाच्या दारावरून न्यावा या वादांत दोन दिवाळ्या निघून जातात. या जुन्या दुखण्यानें आमच्या घरीं गेल्या उन्हाळ्यांत अगदीं नवें रूप धारण केलें. जागा अपुरी पडली ती घराला नव्हे, तर घरांतील संगणकाच्या पोटांत नांदणाऱ्या दुसऱ्या एका संगणकाला. विषय यंत्राचा असला तरी त्यांतून निघालेला बोध गृहस्थाश्रमालाहि लागू पडणारा आहे असें वाटल्यावरून तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर यवतमाळ जिल्ह्यांत आर्णीस आहे. अरुणावतीच्या कांठचें हें गांव; यवतमाळहून माहूरास रेणुकेच्या दर्शनाला जाणारा रस्ता येथूनच जातो. आमचे वडील बंधु तात्या यांनीं शिक्षकी पेशांतून निवृत्त झाल्यावर या मुलुखाच्या आठवणी लिहून ठेवण्याचें व्रत घेतलें. कापसाचे हंगाम, नदीचे पूर, जुन्या घराण्यांतील पत्रव्यवहार, १९०५ सालीं वणी जिल्ह्याचें नांव बदलून यवतमाळ झालें तेव्हांच्या ऐकींव गोष्टी, असें पुष्कळ त्यांनीं जमविलें आहे. वयाची ऐंशी उलटली तरी रोज सकाळीं स्नानसंध्या आटोपून दोन तास लिहावयाचें, आणि तेंहि संगणकावर, हा त्यांचा क्रम आहे.

मात्र त्यांचें लेखन जुन्या पद्धतीच्या अक्षरांत आहे. १९९० नंतरच्या दशकांत संगणकावर मराठी लिहावयाचें तर पुण्याच्या सी-डॅकचें आयएसएम किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचें श्रीलिपी यांसारखीं साधनें घ्यावीं लागत. त्यांतील युक्ति अशी कीं, संगणक आपल्या वहींत एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक नोंदवी, आणि त्या क्रमांकाच्या ठिकाणीं आपला ‘क’ किंवा एखादा काना दाखविण्याचें काम तो ठराविक फाँट करी. फाँट नसला कीं अख्खा मजकूर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसे. युनिकोड या जागतिक संकेताच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले होते. पण तो संकेत घरोघर रुळण्यास पुढें बरींच वर्षें लागलीं, आणि तोंपर्यंत मराठींतील केवढें तरी लिखाण जुन्या फाँटांत होऊन गेलें. तात्यांचेंहि त्यांतलेंच. त्यांच्या बोटांना जुना कळफलक पाठ आहे. नवा शिका असा आग्रह या वयांत धरणें आम्हांस प्रशस्त वाटलें नाहीं.

त्यांचा जुना संगणक निकामी झाला तेव्हां आमच्या धाकट्या सूनबाईनें तोड काढली. तिनें आपल्या नव्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स नांवाच्या विनामूल्य साधनानें एक आभासी संगणक उभारला, त्यांत २००१ सालची विंडोज एक्सपी बसविली, आणि तात्यांचे फाँट व फाइली तेथें नेऊन ठेवल्या. एक्सपीची डागडुजी मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ नंतर बंद केली असल्यामुळें त्या आंतल्या संगणकाला इंटरनेटचें दार मात्र तिनें ठेवलें नाहीं. मोठ्या वाड्यांत एखादें बिऱ्हाड राहावें तसा हा प्रकार. बिऱ्हाडकरूस वाटतें कीं आपलें दार, आपली चूल, सारें स्वतंत्र आहे. पण जमीन व छप्पर मालकाचें. आंतला संगणक ज्याला आपली हार्ड डिस्क समजतो ती वस्तुतः बाहेरच्या संगणकावरील एक मोठी फाइल असते. ही कल्पना आजकालची नव्हे. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांना आपापला स्वतंत्र संगणक असल्यासारखें काम करतां यावें म्हणून आयबीएमच्या तज्ज्ञांनीं अमेरिकेंतील केंब्रिज येथें १९६० नंतरच्या दशकांतच ती प्रत्यक्षांत आणली होती.

सूनबाईनें ही आभासी डिस्क १० गिगाबाइटची ठेवली होती. गेल्या वैशाखांत एके सकाळीं तात्यांनीं दीड पान लिहिलें, तें जतन करावयास गेले, तों यंत्रानें जागा शिल्लक नसल्याचें सांगितलें. तें दीड पान गेलेंच. तात्या रागावले नाहींत. चष्मा पुसून इतकेंच म्हणाले, “भरलें म्हणायचें. आतां पुरे.” दुसऱ्या दिवशीं ते संगणकापुढें बसले नाहींत, तिसऱ्या दिवशींहि नाहीं. ऐंशी उलटलेल्या माणसाला ‘आतां जागा नाहीं’ असें सांगितलें गेलें, तर तो तें यंत्रापुरतें समजत नाहीं, हें त्या तीन दिवसांत आम्हां सर्वांस कळून चुकलें.

घरांत मसलत सुरू झाली. कोणी म्हणालें, जुन्या फाइली काढून टाकाव्यात. कोणी म्हणालें, हा खटाटोपच सोडून तात्यांना वही व लेखणी द्यावी. सूनबाईनें मात्र आधीं हिशेब मांडला, आणि तो आश्चर्यकारक निघाला. तात्यांचें वीस वर्षांचें सारें लेखन मिळून शंभर छायाचित्रांइतकीहि जागा व्यापीत नव्हतें. जागा खाल्ली होती ती एक्सपीनें स्वतः, आणि मुलांनीं स्कॅन करून आंत टाकलेल्या जुन्या पत्रांच्या चित्रांनीं. तो कागद तिनें तात्यांपुढें ठेवला. “तात्या, हें सारें तुमच्या लिहिण्यानें भरलेलें नाहीं. तुम्ही आहांत तेथें कोपऱ्यांत आहांत,” असें ती म्हणाली. तात्या बराच वेळ तो कागद पाहत राहिले.

पत्रें बाहेर काढावीत तर तात्या तीं समोर ठेवूनच लिहितात. दुबार झालेलीं चित्रें तेवढीं काढलीं, त्यानें जेमतेम एक गिगाबाइट सुटली. आवरणें व वाढविणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. पहिलें आधीं करावें, पण त्यानें दुसरें टळतेंच असें नाहीं. तेव्हां डिस्क ४० गिगाबाइटची करण्याचें ठरलें.

हें काम तिनें ज्या क्रमानें केलें तो क्रमच महत्त्वाचा आहे. आंतला संगणक नुसता थबकवून न ठेवता पूर्ण बंद केला. मग डिस्कच्या त्या मोठ्या फाइलीची प्रत एका वेगळ्या बाहेरील डिस्कवर घेतली, व ती प्रत उघडते कीं नाहीं हें प्रत्यक्ष पाहिलें. न तपासलेली प्रत ही न मोजतां ठेवलेल्या पैशांसारखी असते. आमच्याकडे वैशाखांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो, म्हणून यूपीएसची बॅटरी पूर्ण भरलेली आहे याची खात्री करून घेतली. पूर्वीच्या स्थितीचीं जतन केलेलीं क्षणचित्रें, ज्यांना स्नॅपशॉट म्हणतात, तीं मूळ डिस्कमध्यें विलीन करून टाकलीं. कारण तीं शिल्लक असतां मूळ डिस्क वाढविली तरी चालू डिस्क पूर्वींएवढीच राहते. एवढें झाल्यावर व्हर्च्युअलबॉक्सला नवीन मोजमाप सांगितलें. आज्ञेंत तें मेगाबाइटमध्यें द्यावें लागतें, आणि एका गिगाबाइटचे १०२४ मेगाबाइट होत असल्यानें ४० चे ४०९६० झाले. क्षणार्धांत डिस्क चौपट झाली.

सारें घर भोंवतीं जमलें. आंतला संगणक सुरू केला, आणि पाहतों तों तेथें पूर्वींचेच १० गिगाबाइट, तीच भरलेली पेटी ! तात्यांनीं मान हलविली. मुलांचे चेहरे उतरले. सूनबाई मात्र हंसली. ती म्हणाली, “बाहेरून जागा दिली; आंतून अजून कोणी घेतलेली नाहीं.”

तिचें म्हणणें असें होतें. डिस्क म्हणजे अंगण धरलें तर त्यावर आंखलेला विभाग, ज्याला पार्टिशन म्हणतात, ती आपल्या राहत्या खोलीची भिंत. अंगण वाढलें तरी भिंत होती तेथेंच राहते. नवी जागा डिस्कवर असते, पण कोणाच्याहि नांवावर नसलेली, ओसाड. ती कामाला यावयाची तर भिंत पुढें सरकवावी लागते, आणि खोलींतल्या सामानाची जी यादी, जिला फाइल सिस्टिम म्हणतात, तीहि नव्या भिंतीपर्यंत वाढवावी लागते. विंडोजच्या २००७ मध्यें आलेल्या व्हिस्टापासून पुढच्या आवृत्त्यांत हें काम चालू संगणकांतूनच करतां येतें. एक्सपीला मात्र ज्या विभागावर ती स्वतः उभी आहे तो वाढवितां येत नाहीं. ज्या सतरंजीवर आपण बसलों आहोंत ती बसल्या बसल्या आपणच कशी लांबवावी ? म्हणून जीपार्टेड नांवाच्या दुसऱ्या साधनानें आंतला संगणक सुरू करून भिंत बाहेरून सरकवावी लागते. शिवाय मोकळी जागा त्या विभागाला अगदीं लागून पुढें असावी लागते. मध्यें दुसरा विभाग असेल तर आधीं त्याला हलविण्याचें वेळखाऊ व जोखमीचें काम येतें. आमच्याकडे मध्यें कोणी नव्हतें. पांच मिनिटांत भिंत सरकली. पुढच्या वेळीं एक्सपीनें आपण होऊन डिस्कची तपासणी केली, आणि मग तात्यांच्या खिडकींत मोकळी जागा दिसूं लागली. सगळ्या खटाटोपांत खरा वेळ गेला तो प्रत घेण्यांत व तपासण्यांत.

या गोष्टीनें आम्हांस विचारांत पाडलें. आपल्या घरांतहि आपण नव्या सुनेला खोली देतों आणि कपाटांच्या किल्ल्या जुन्याच कंबरेला ठेवतों. मुलाला व्यवहार सोंपविला म्हणतों आणि सही आपलीच चालूं देतों. वृद्धांना तर आपण माडीवरची हवेशीर खोली देतों, सोयी देतों, आणि घराच्या बोलण्यांत मात्र त्यांची भिंत होती तेथेंच राहते, किंबहुना मागें सरकते. मग त्यांनीं तोंड उघडलें नाहीं कीं आपल्याला नवल वाटतें. जागा देणें हें अर्धें काम. ती दुसऱ्याच्या नांवें आंखून देणें हें उरलेलें अर्धें, आणि बहुधा अवघड तेंच असतें. तात्यांना दहाचे चाळीस मिळाले यापेक्षां, आपल्या लिहिण्याचें ओझें कोणास झालेलें नव्हतें हें त्यांना आंकड्यांनीं दाखविलें गेलें, याचा परिणाम अधिक झाला असें आमचें मत आहे. ते पुन्हां लिहूं लागले आहेत.

एक सावधगिरीची सूचनाहि देऊन ठेवतों. अशी आभासी डिस्क बहुधा गरजेप्रमाणें फुगणारी असते. ४० म्हटलें तरी बाहेरच्या संगणकावर ती लागेल तेवढीच जागा अडविते. म्हणून ऐपतीबाहेर आश्वासनें देण्याचा मोह होतो. असे दोन-चार संगणक आंत नांदत असले व सर्वांनीं एकदम आपला हक्क मागितला, तर मालकाचें घरच भरून जातें. शिवाय फुगलेली फाइल आंतलें सामान काढल्यानें आपोआप आंवळत नाहीं, आणि वाढविलेलें मोजमाप त्याच आज्ञेनें कमी करतां येत नाहीं.

आणि ही वाढ म्हणजे अखेरचा उपाय नव्हेच. जुन्या फाँटांतील लेखन युनिकोडमध्यें उतरवून घेतल्याखेरीज तें पुढच्या पिढीच्या संगणकावर वाचतां येणार नाहीं. सूनबाईनें तें काम आरंभिलें आहे. यंत्र रूपांतर करतें, पण जोडाक्षरें व रफार अधूनमधून बिघडतात. म्हणून प्रत्येक पान तात्यांना वाचून दाखवावें लागतें. तीं पानें ऐकत असतां त्यांना नव्या गोष्टी आठवतात, आणि लेखन वाढतच जातें. वाचकहो, तुमच्याहि घरीं अडगळींत पडलेल्या एखाद्या संगणकांत कोणा आजोबांचें, आत्याचें, मावशीचें असें लेखन पडून असेल. तें यंत्र शेवटचा श्वास घेण्यापूर्वीं, आणि ज्याला तें वाचून दाखवितां येईल तें माणूस जवळ आहे तोंवर, एकदां उघडून पाहा.