लाल ब्रेक आणि वहीचं मागचं पान

मैत्रिणींनो, सणाला घराला रंग देतात, फार तर दाराच्या चौकटीला देतात. मोटारीच्या ब्रेकला रंग कोण देतं, असं तुम्ही म्हणाल. आमच्या घरी दिला. आणि त्या रंगापायी एका दुपारी माझ्या हातून काय होऊन बसणार होतं, ते सांगायलाच आज लिहायला घेतलं आहे.

आम्ही म्हसवडचे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला आमच्या सिद्धनाथाचा रथ निघतो. गावभर पाहुणे. घराची साफसफाई माझ्याकडे नि गाडीची ह्यांच्याकडे, अशी वाटणी ठरलेली. गाडी म्हणजे जुनी घेतलेली स्विफ्ट. तिला ह्यांनी हौसेनं नक्षीची चाकं बसवली आणि मग लक्षात आलं की चाकांच्या फटींतून आतलं गंजकं लोखंड दिसतं. ते म्हणजे कॅलिपर. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. आपण उतू जाणारं पातेलं सांडशीनं धरतो ना, तसा ब्रेक दाबला की कॅलिपर त्या तबकडीला दोन्हीकडून धरतो. "शर्यतीच्या गाड्यांचे कसे लालभडक असतात!" हे म्हणाले. धाकट्या भाऊजींनी लगेच मान डोलावली.

मला कल्पना मुळीच पसंत नव्हती. पण नको म्हटलं की जास्तच जोर चढतो, हे बारा वर्षांच्या संसारात कळलंय. मी एकच अट घातली, आधी गॅरेजच्या मिस्त्रींना विचारायचं. त्यांनी सांगितलं आणि मी शाळेच्या वहीत उतरवून घेतलं. मी अर्धवेळ का होईना, मास्तरीण. लिहून घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

रविवारी सकाळी अंगणाच्या सपाट फरशीवर काम सुरू झालं. मी वही घेऊन पायरीवर बसले नि एकेक ओळ वाचत गेले. मागच्या चाकांना दगडाची उटी. चाकाचे नट गाडी उचलण्याआधीच थोडे सैल. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही, खाली घोडी हवीच. ती मिस्त्रींकडूनच आणली होती. मग मागच्या बाजूचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर सुटतो. ब्रेकच्या तेलाची रबरी नळी मात्र सोडायची नाही. ती सोडली की आत हवा शिरते आणि काम मिस्त्रीकडे जातं. सुटलेला कॅलिपर नळीवर लोंबकळूही द्यायचा नाही. मी माळ्यावरची तार दिली, तिनं स्प्रिंगला बांधून ठेवला.

आता खरी गोष्ट. डाव्या चाकाचे पॅड काढले तर एक बरा होता आणि दुसरा झिजून पत्र्याला टेकायला आलेला. ज्या दांड्यांवर कॅलिपर सरकतो त्यांतली एक धुळीनं नि गंजानं जाम झाली होती. आपला माणदेश कोरडा, धूळ तर ताटातसुद्धा येते! १९०२ साली इंग्लंडात लँचेस्टर नावाच्या इंजिनिअरनं अशा ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याचं तांबं तिथल्या कच्च्या रस्त्यांच्या धुळीनं भराभर झिजायचं म्हणे. याच गाडीतून आम्ही सासूबाईंना शिखर शिंगणापूरला नेऊन आणलं होतं. तो उतार आठवून माझ्या पोटात गोळा आला. ह्यांच्या रंगाच्या वेडाला त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडले.

दोन्ही चाकांना नवे पॅड आणले. दांड्या साफ करून ब्रेकचंच खास ग्रीस लावलं. तारेच्या ब्रशनं गंज घासला. रबराच्या भागांना चिकटपट्टी लावून उष्णता सोसणारा रंग दिला. पॅड नि तबकडीवर रंगाचा किंवा ग्रीसचा थेंब पडू द्यायचा नाही, ही ओळ मी चार वेळा वाचली. नवे पॅड जाड, म्हणून आतला पिस्टन शिकंजानं हळूहळू मागे दाबावा लागला. संध्याकाळी रंग वाळला, सगळं जागच्या जागी बसलं, आणि मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत जाताना मीच गाडी काढली. बोल्ट नीट आवळलेत का, हे मिस्त्रींना दाखवायचं होतं. आमच्या अंगणाला फाटकाकडे थोडा उतार आहे. फाटकाशी तुळशीवृंदावन, आणि तिथं उन्हात सासूबाई परातीत ज्वारी निवडत बसलेल्या. मी सवयीनं ब्रेकवर पाय ठेवला. पाय थेट खाली गेला. काही लागलंच नाही, जणू रिकाम्या पिशवीवर पाय पडला. गाडी चालतच राहिली. ओरडायलाही आवाज फुटेना. हात कसा गेला कोण जाणे, हँडब्रेक खस्सकन ओढला. त्याची तार मागच्या चाकांना जाते, म्हणून गाडी थांबली. पुढचं चाक परातीपासून हातभर अंतरावर.

सासूबाईंनी मान वर केली. "अगं, उचलते की परात. एवढी काय घाई?"

मी खाली उतरले नि पायरीवर बसून राहिले. पिस्टन मागे दाबला की पॅड नि तबकडीत फट राहते. गाडी हलवण्यापूर्वी पायाला कडक लागेपर्यंत ब्रेक पुन्हा पुन्हा दाबावा लागतो. हे मिस्त्रींनी सांगितलं होतं. मी लिहूनही घेतलं होतं, पान उलटून, मागच्या बाजूला. वाचणारी मी, नि तेवढंच पान न उलटणारीही मीच. ह्यांना काय बोलणार?

तुमच्या घरी कुणाला अशी हौस आली, तर मी म्हणेन, चाक काढा, कॅलिपर जागेवरच ठेवून चिकटपट्टी लावा नि रंगवा. सुटा करायचाच असेल तर मिस्त्रीला पैसे द्या आणि शेजारी उभं राहून बघा.

रथाच्या दिवशी पाहुण्यांपैकी एकालाही लाल रंग दिसला नाही. आठवड्यात धुळीनं तो विटकरी झाला. सासूबाईंना मी अजून खरं सांगितलेलं नाही. फक्त रोज गाडी काढण्याआधी मी तीनदा ब्रेक दाबून बघते, आणि मागे बसलेली मुलं मोठ्यानं मोजतात.