एक घास जास्तीचा

आपल्या घरांत माया ताटावरून मोजतात. पाहुण्याच्या ताटात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाढले नाही तर यजमानाला रुखरुख लागते, आणि पाहुण्याने नको म्हटले तर त्याचे काहीतरी बिनसले असे समजतात. अशा समाजात एखाद्याचे पोट शस्त्रक्रियेने लहान केलेले असेल तर त्याची काय तऱ्हा होत असेल? पहिले दीड वर्ष लोक आम्हाला आणखी खा म्हणत होते आणि आम्हाला खाता येत नव्हते. आता खाता येते, आणि आमची झोप उडाली ती त्यामुळेच.

आम्ही ब्रह्मपुरीला राहतो, उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. झाले, नोकरी लागली, लग्न झाले, दोन बाळंतपणे झाली आणि वजन दरवर्षी दोन-चार किलोंनी चढत राहिले. हा धानाचा मुलूख. दोन्ही वेळेला भात, वर दालचा नाहीतर वैनगंगेच्या मासळीचे कालवण. पस्तिशीला आम्ही 112 किलोंवर पोहोचलो होतो, उंची पाच फूट दोन इंच. गुडघे बोलू लागले, झोपेत श्वास अडकू लागला, तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊवर गेली. आमच्या अम्मी साखरेच्या आजारानेच गेल्या. शेवटी शेवटी मूत्रपिंडे निकामी झाली, डायलिसिससाठी भिवापूर-उमरेडच्या रस्त्याने नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्या गाडीत आम्ही त्यांच्या शेजारी बसत असू. त्याच रस्त्याने एक दिवस आपल्या शेजारी आपली मुलगी बसेल, हा विचार मनातून जात नव्हता.

पथ्य करून पाहिले, सकाळचे चालणे करून पाहिले. सहा किलो उतरत आणि आठ चढत. शेवटी 2023 च्या उन्हाळी सुट्टीत नागपूरला शस्त्रक्रिया करून घेतली. पतसंस्थेचे कर्ज काढले, उरलेल्या रकमेसाठी अम्मीच्या बांगड्या मोडल्या. नातेवाइकांत दोन तट पडले. एक म्हणे, आपल्या नागपूरच्या नितीन गडकरींनी 2011 मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली, काय झाले त्यांना? दुसरा तट इमान अहमदचे नाव घेई. इजिप्तची ही बाई 2017 च्या फेब्रुवारीत उपचारांसाठी विमानाने मुंबईत आली, तेव्हा तिचे वजन सुमारे 500 किलो सांगितले जात होते. मार्चमध्ये तिची शस्त्रक्रिया झाली, वजन बरेच उतरले, पण मूळचे आजार अनेक होते आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अबूधाबीत तिचा इंतकाल झाला. आम्ही दोन्ही तटांचे ऐकून घेतले. आमचा आजार आमचा होता, आणि दुसऱ्या कुणाच्या नशिबावरून त्याचा निर्णय होणार नव्हता.

आमची शस्त्रक्रिया 'स्लीव्ह' नावाची. तिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापून काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. काढलेल्या भागातच भूक चाळवणारे ग्रेलिन नावाचे संप्रेरक मुख्यतः तयार होते, म्हणून सुरुवातीचे काही महिने भूकसुद्धा रुसून बसते. पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ, मग घोटलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. जेवताना पाणी नाही; पाणी अर्ध्या तासाच्या अंतराने. जीवनसत्त्वे, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर.

तिसऱ्या आठवड्यात तीन चमचे मुगाच्या डाळीने आमचे पोट भरत होते. सहा महिन्यांनी अर्धी पोळी आणि एक अंडे. वर्षाने एक पोळी. वजन 72 वर आले, साखरेच्या गोळ्या सुटल्या, शाळेचे दोन मजले न थांबता चढता येऊ लागले. मग दीड वर्षानंतर एका दुपारी लक्षात आले की दीड पोळी, वाटीभर डाळ आणि भाजी संपली आहे आणि पोटाने काही तक्रार केलेली नाही. पुढच्या महिन्यात काट्याने 74 दाखवले.

दोन किलो म्हणजे काही फार नाही, असे कुणीही म्हणेल. पण ज्याने बांगड्या मोडून पोट लहान करून घेतले आहे त्याला दोन किलोंत 112 दिसतात. नळी पुन्हा पिशवी होते आहे का? कापून फेकलेले पुन्हा उगवते आहे का? कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत आणि साखर परत आली तर? आम्ही जेवताना घास मोजू लागलो. मुलगी विचारी, "अम्मी, तुम्ही गणित करता की जेवता?"

तपासणीची तारीख आली तेव्हा हा प्रश्न घेऊन आम्ही आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसलो. त्यांनी जे सांगितले ते इथे मुद्दाम लिहितो, कारण आमच्यासारखे काळजी करणारे आणखीही असतील. शस्त्रक्रियेनंतर जठराला सूज असते, टाक्यांची जागा ताठर असते. त्या दिवसांत जे मावते ते आजारी पोटाचे माप. सूज उतरली, जागा लवचिक झाली, की वर्ष-दीड वर्षात जेवण वाढतेच, आणि ते वाढावे म्हणूनच ठरलेले असते. तीन चमचे डाळीवर माणूस जन्मभर जगू शकत नाही. कापलेला भाग पुन्हा उगवत नाही. जठराचा जो भाग सर्वांत जास्त ताणला जातो तोच काढलेला असतो. उरलेली नळी थोडी सैलावते, पण सहसा पूर्वीची पिशवी होत नाही.

मग त्यांनी आम्हाला एक काम दिले. एक दिवस रस्सा न घेता कोरडी कोंबडी किंवा उकडलेली अंडी, नीट चावून, पाण्याशिवाय खा आणि किती जाते ते पाहा. आम्ही पाहिले. कोंबडीचे चार तुकडे झाले आणि पाचव्याला हात पुढे जाईना. म्हणजे नळी अजून नळीच होती. त्याच आठवड्यात एका अकीक्याच्या दावतीत शेवयांची खीर वाटीभर गेली आणि दुसरी वाटीही सहज गेली असती. पातळ भात, चहात बुडवलेली बिस्किटे, शरबत, चिवडा यांचे असेच आहे. ते नळीतून घसरून पुढे जातात, पोट भरल्याचा इशारा मिळतच नाही. आमची सगळी भीती दीड पोळीवर खिळली होती आणि धोका खिरीच्या वाटीत बसला होता. किती मावते हे काय खातो यावर अवलंबून असते, एवढी साधी गोष्ट कळल्यावर मोजणे सुटले. आता आधी अंडे, डाळ, मासळी, कोंबडी, मग भाजी, भात-पोळी शेवटी. दिवसाला साठ ग्रॅमच्या वर प्रथिने जातात की नाही एवढेच पाहायचे.

आमच्याबरोबर शस्त्रक्रिया झालेली वडशाकडची एक ताई होती. तिलाही हीच भीती होती. तिने पोळी सोडली, मग डाळही कमी केली, आणि एक दिवस घेरी येऊन पडली. रक्त फार कमी झाले होते. खाण्याची भीतीही आजारी पाडते, हे तिच्याकडे पाहून कळले.

आकड्यांनीही थोडा धीर दिला. स्वीडनमध्ये अशा रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष 2007 मध्ये छापून आले. बायपास प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्यांचे वजन एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरले होते, दहा वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर आली. आमची शस्त्रक्रिया वेगळी, तरी अर्थ कळण्यासारखा आहे. थोडे वजन परत येते. बहुतेक उतरलेलेच राहते. आणि फारच वाढले तर पुढचे उपाय आहेत. 2025 मध्ये तर आठवड्यातून एकदा घ्यायची, भूक आवरणारी नवी इंजेक्शनेही आपल्या देशात मिळू लागली, ती अर्थात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

रमजानचा प्रश्न राहतो. 2024 चा रमजान शस्त्रक्रियेनंतर वर्षही न होता आला. डॉक्टरांनी मना केली, आणि आजाऱ्याला सवलत आपल्या दीनने दिलेलीच आहे. 2025 मध्ये विचारून, तपासून रोजे केले. अवघड गेले ते इफ्तारच्या वेळी. एवढ्याशा पोटात पाणीही जायला हवे आणि जेवणही. शेवटी असे बसवले: एक खजूर, चार घोट पाणी, मग मगरिबची नमाज, आणि मगच दस्तरखानावर. पाणी आणि जेवण यांतला अर्धा तास नमाजेने आपोआप सांभाळला. लाल शरबताचा जग मात्र आमच्यापासून लांब ठेवला जातो. खालाजान अजूनही म्हणतात, "बेटी, बस इत्ताच?" त्यांना आम्ही आमचे 112 किलोंचे दिवस आठवून देतो आणि त्यांच्या हातचा एक कबाब घेतो. त्यांचेही मन राहते.

एक गोष्ट मात्र शस्त्रक्रियेनेच शिकवली. आपल्या घरांत बाई सर्वांच्या शेवटी जेवते, आणि जेवते काय, तर मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याला लागलेला भात, वाटीतली उरलेली खीर. रिज्क फेकणे गुनाह, म्हणून ते सारे तिच्या पोटात जाते. आमच्या 112 किलोंत अशा उष्ट्या ताटांचे किती किलो होते, अल्लाह जाणे. आता ती जागाच राहिली नाही, तेव्हा घरात उपाय शोधावा लागला. भात मापाने शिजतो, मुले आधी थोडे घेतात आणि लागले तर पुन्हा घेतात. उरलेच तर झाकून ठेवतो, सकाळी त्याचा फोडणीचा भात होतो. रिज्कही वाया जात नाही आणि बाईचे पोट ही उरल्यासुरल्याची जागाही राहत नाही.

शाळेत पालकसभेला येणाऱ्या माता हल्ली सभा संपल्यावर थांबतात. "बाजी, तुम्ही काय केले?" असे हळूच विचारतात. सगळ्यांना शस्त्रक्रिया लागत नाही, लागली तरी सगळ्यांना झेपत नाही, हे आम्ही त्यांना सांगतो. मग दोनच कामे सांगतो. तालुक्याच्या दवाखान्यात जाऊन साखर तपासून घ्या. आणि आज रात्री, उरलेले नव्हे, स्वतःसाठी ताजे ताट वाढून घ्या आणि सर्वांबरोबर बसून जेवा. पहिले काम त्या करतात. दुसऱ्याला हसतात. पण मागच्या सभेत एकीने सांगितले की ती आता सासूबाईंच्या शेजारी बसून जेवते. तिच्या हातात साखरेचा रिपोर्टही होता, आणि तो तिने वाचायला आमच्यापुढे धरला.