पंधरा ते पन्नास

फरीदाबादमध्ये जुन्या मोटरसायकली बाळगणाऱ्यांचं वर्ष थंडीवर बेतलेलं असतं. उन्हाळ्यात पेट्रोलच्या टाकीवर हात टेकवत नाही, आणि पावसाळ्यात दमट हवेने जिथे तिथे गंज धरतो. म्हणून सप्टेंबरात गाड्या उघडायच्या, इंजिनं साफ करायची. नोव्हेंबरात हवा इतकी वाईट असते की गप्प बसायचं. डिसेंबरपासून मार्चपर्यंत फिरायचं, फेब्रुवारीत प्रदर्शनं आणि रॅल्या करायच्या, आणि होळी झाली की पुन्हा चादर ओढायची. आमच्या गटात वीसेक जण आहेत. बँकेतून निवृत्त झालेले एक सरदारजी, बल्लभगढचा एक दूधवाला, गणित शिकवणाऱ्या एक बाई (त्यांच्याकडे म्हैसूरची येझदी आहे), दोन-तीन इंजिनिअर आणि सांगलीकडचा मी एकटा मराठी माणूस. बहुतेकांकडे राजदूतच आहे, कारण हे राजदूतचं गाव आहे.

ही गोष्ट आता फरीदाबादच्या तरुण मुलांनाही सांगावी लागते. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून, मुख्यतः बन्नू भागातून आलेल्या निर्वासितांसाठी इथे नवं औद्योगिक शहर वसवलं गेलं. त्याला आजही सगळे ‘एनआयटी’ म्हणतात. एस्कॉर्ट्स कंपनीही तशीच विस्थापित. १९४४ साली लाहोरला सुरू झालेली ही कंपनी फाळणीनंतर दिल्लीला आली आणि पुढे तिचे कारखाने फरीदाबादला उभे राहिले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिने पोलंडच्या ‘एसएचएल एम-११’ या मोटरसायकलच्या बनावटीचे हक्क घेऊन राजदूत काढली. १७५ सीसीचं एका सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन, जाड पत्रा आणि खेड्यातला कोणताही मिस्त्री उघडू शकेल असा साधा कारभार. पुढे यामाहाच्या सहकार्याने १९८३ मध्ये राजदूत ३५० आणि १९८५ मध्ये आरएक्स १०० आली. महाराष्ट्रात आरएक्सवर जीव टाकणारी माणसं पुष्कळ. पण दुधाचे कॅन, खताची पोती आणि मागे बसलेली दोन माणसं वर्षानुवर्षं वाहिली ती साध्या राजदूतने. आज एस्कॉर्ट्स नावाने इथे ट्रॅक्टर बनतात. मेट्रोच्या एका स्टेशनाचं नाव ‘एस्कॉर्ट्स मुजेसर’ आहे. मोटरसायकलची खूण म्हणावी अशी एकही गोष्ट त्या स्टेशनात नाही.

माझी गाडी १९८३ची. वडील पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते. वाड्या-वस्त्यांवर अडलेल्या म्हशी सोडवायला, लशी टोचायला ते त्या गाडीवरून जात. डबा आणि लशीची बर्फाची पेटी कॅरिअरला, आणि उसाच्या शेतातून येणारा फटफट आवाज घरी आधी पोचायचा. आई त्या आवाजावर चहाचं आधण ठेवायची. त्यांच्यानंतर मी ती गाडी मिरजेहून गोवा एक्स्प्रेसच्या पार्सल डब्यातून निजामुद्दीनला आणली. ज्या गावात ती जन्मली, त्याच गावात माझी नोकरी होती. तेव्हा हा मला मोठा योगायोग वाटला होता.

कायद्याला अर्थातच त्याचं काही नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश उचलून धरला: राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावर चालणार नाहीत. फरीदाबाद या क्षेत्रात येतं. २०२५ साली यावर बरीच उलथापालथ झाली. १ जुलैपासून दिल्लीच्या पंपांवर अशा गाड्यांना पेट्रोलच मिळणार नाही असं ठरलं आणि काही दिवसांतच ते थांबलं. ऑगस्टमध्ये न्यायालयाने निव्वळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं, आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. राजदूतला यातलं काहीच लागू पडत नाही. भारतात धुराचे पहिले निकष आले ते १९९१ मध्ये. ती त्याच्याही आधीची.

दुसऱ्या टोकाला एक वेगळा नियम आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या दुचाकी-चारचाकींना ‘व्हिंटेज’ म्हणून मान्यता दिली. नोंदणीचे वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं. अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरती काढायची. नियम चांगला आहे. पण त्यातून एक चमत्कारिक हिशेब निघतो. पंधराव्या वर्षी गाडी भंगार ठरते आणि पन्नासाव्या वर्षी वारसा. मधली पस्तीस वर्षं तिने कुठे आणि कशी काढायची हे कोणत्याच कागदावर नाही. माझी गाडी पंधरा वर्षांची झाली १९९८ मध्ये. पन्नासची होईल २०३३ मध्ये.

म्हणून आमची सहल टेम्पोने सुरू होते. पहाटे पाचला दोन-दोन गाड्या छोट्या हाथीत चढवायच्या, हँडल दोरांनी आवळायचं, टाकीखाली जुनी गोधडी सरकवायची आणि मथुरा रोडने दक्षिणेला निघायचं. मुजेसर, बल्लभगढ, पलवल, होडल. ज्या रस्त्यावर कारखान्यातून निघालेल्या राजदूत पहिल्यांदा धावल्या असतील, तिथून त्यांना पेशंटसारखं उचलून न्यावं लागतं. होडलनंतर हरियाणाची हद्द संपते आणि मथुरा जिल्हा लागतो. तो राजधानी क्षेत्रात नाही. कोसीला गाड्या उतरवतो, चोक ओढतो आणि थंडगार इंजिनांना किका मारतो. कुणाची पहिल्या किकेला, कुणाची बाराव्या. तिथून नंदगाव, बरसाना, गोवर्धन. जानेवारीत दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली असते आणि धुकं उठेपर्यंत कुणी चाळिशीच्या वर जात नाही. गोवर्धनला परिक्रमेची माणसं अनवाणी चालत असतात, तिथे इंजिन बंद करून गाड्या ढकलत न्यायच्या हा आमचा शिरस्ता. दुपारी परत कोसी, परत टेम्पो. दिवसाकाठी ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. एवढ्यासाठी इतका खटाटोप कशाला, असं टेम्पोवाल्याने पहिल्या वर्षी विचारलं होतं. आता तोही उतरून एक चक्कर मारतो.

खटाटोप कशाला याचं खरं उत्तर इंजिनात आहे, आणि ते मला समजावलं आमच्या चाचाजींनी. चाचाजींची उमर सत्तरच्या पुढची. बन्नूवाल्या कुटुंबातले, जन्म एनआयटीतला आणि सगळी हयात राजदूतच्या कारखान्यात गेलेली. स्वतःची गाडी त्यांच्याकडे नाही. सप्टेंबरात आम्ही गाड्या उघडतो तेव्हा ते प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतात आणि आवाजावरून सांगतात की पॉइंटची फट जास्त आहे. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवेचं मिश्रण आधी खालच्या खोलीत, क्रँककेसमध्ये शिरतं आणि तिथून दाबाने वर जातं. ती खोली हवाबंद राहिली पाहिजे. ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन टोकांची रबरी ऑइल सील. गाडी चालत असली की सीलला तेल मिळत राहतं आणि ती मऊ राहतात. उभी राहिली की सुकतात, कडक होतात, चिरतात, मग बाहेरची हवा आत ओढली जाते आणि गाडी सुरूच होत नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल वाळून चिकट थर बसतो, तो निराळाच. चाचाजी म्हणतात, “चलते-चलते तो घिसती है बेटा, खड़ी-खड़ी मरती है.” पस्तीस वर्षं हात न लावता ठेवलेली राजदूत पन्नासाव्या वर्षी लोखंडाचा ठोकळा झालेली असेल. ‘मूळ रूपात राखलेली’ या शब्दांत राखणं कोणाकडून आणि कसं व्हावं, हा प्रश्न नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांआडून निसटला असावा.

आता धुराचं. ते टाळून या विषयावर बोलणं खोटेपणाचं होईल. मी लिटरला ४० मिली तेल मिसळतो आणि त्यातलं काही न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतं. टू-स्ट्रोकची घडणच तशी आहे: ताजं मिश्रण आत शिरत असतानाच जळलेला वायू बाहेर जातो आणि त्या गर्दीत थोडं ताजंही निसटतं. माझी मुलगी अकरावीत आहे. दर नोव्हेंबरला तिचा पंप दप्तरात असतो. दोन वर्षांपूर्वी तिने विचारलं, “बाबा, हा नियम माझ्यासाठीच केलाय ना?” मी हो म्हणालो. “मग तू त्यातून वाट का काढतोयस?” मी तिला टेम्पो, कोसी, हद्द असं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे बरसान्याच्या मुलांना दमा नसतो?”

याचं उत्तर माझ्याकडे अजून पूर्ण नाही. एवढंच सांगता येतं की आमच्या वीस गाड्या वर्षातून सात-आठ वेळा निघतात, आणि वीस माणसांच्या वीस रोजच्या गाड्या वर्षभर निघतात. पण हा हिशेब तिला सांगताना मला वडील आठवले. लस टोचताना शेतकरी म्हणायचा, एका म्हशीने काय होतंय डॉक्टर; आणि वडील म्हणायचे, साथ एका म्हशीपासूनच येते. तेव्हापासून गटात दोन गोष्टी ठरल्या आहेत. नोव्हेंबरात कुणीही इंजिन सुरू करायचं नाही, अंगणातसुद्धा. आणि गावातून जाताना शाळा लागली की इंजिन बंद. दुसरी सूचना मुलीची.

फेब्रुवारीत सूरजकुंडचा मेळा भरतो आणि त्याच सुमाराला दिल्लीकडे जुन्या गाड्यांच्या रॅल्या होतात. त्यातली ‘द स्टेट्समन’ची रॅली १९६४पासूनची. अशा ठिकाणी रोल्स-रॉइस आणि बेंटलींच्या रांगा असतात, मोटरसायकली एका कडेला. परीक्षक वाकून पाहतात: नटबोल्ट मूळचे की नंतरचे, रंगाची छटा बरोबर आहे का, टाकीवरचं नाव कंपनीचं की करोलबागेतून छापून आणलेलं. आमच्या गटातल्या तीन राजदूत आता पन्नासच्या पुढे गेल्यात. त्या ‘व्हीए’ पाटी लावून ऐटीत उभ्या असतात. माझी टेम्पोतून येते आणि स्पर्धेबाहेर उभी राहते.

पण गर्दी कुठे होते ते पाहावं. राजा-महाराजांच्या गाड्यांपाशी लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. राजदूतपाशी थांबतात. कुणी म्हणतं, ‘बॉबी’मधली ती छोटी हीच का? कुणी सांगतं, वडिलांच्या लग्नात मिळालेली, बहिणीच्या लग्नात विकलेली. गेल्या वर्षी फरीदाबादच्याच एक बाई आल्या, साठीच्या. हँडल धरलं नाही, सीटवर हात फिरवला नाही; खाली बसल्या आणि इंजिनच्या कव्हरवर बोट ठेवलं. त्यांचे वडील कारखान्यात हेच कव्हर बसवायचे. “घरी कधी गाडी नव्हती,” त्या म्हणाल्या, “सायकलवरून जायचे. हजारो बसवली असतील.” चाचाजींनी त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं. ते वेगळ्या पाळीत होते, ओळख नव्हती. तरी दोघं अर्धा तास बोलत उभे राहिले.

मला त्या दिवशी स्पष्ट झालं की आम्ही जे सांभाळतोय त्याला वारसा हा शब्द थोडा मोठा पडतो. रोल्स-रॉइस सांभाळायला वाडे आहेत, ट्रस्ट आहेत. राजदूत सांभाळायला फक्त तिच्यावर बसलेली किंवा तिला बसवलेली माणसं आहेत, आणि ती माणसं गाडीआधी जातील. २०३३ साली माझी गाडी कायद्याने वारसा होईल, तेव्हा तिचा आवाज ऐकून दोष सांगणारं या गावात कुणी उरलेलं नसेल.

जगभरच्या जुन्या गाड्यांच्या संस्थांचा महासंघ ‘फिवा’ तीस वर्षांवरच्या गाडीला ऐतिहासिक मानतो. अट एवढीच की ती मूळ स्थितीत राखलेली असावी आणि रोजच्या वाहतुकीची नसावी. जर्मनीतही तीस वर्षांनंतर वेगळी नंबरप्लेट मिळते. आपल्याकडे पन्नासचे तीस करा, असं आमचं म्हणणं आहे. बदल्यात वर्षातले मोजके दिवस ठरवून द्या, नोव्हेंबर पूर्ण बंद ठेवा, दरवर्षी धूर मोजा आणि ज्याचा जास्त निघेल त्याची गाडी उभी करा. या हंगामात तसा अर्ज आम्ही लिहिला. मराठीत मसुदा माझा, हिंदी गणिताच्या बाईंचं. मुलीने तो वाचला आणि धूर मोजण्याचं कलम चौथ्या क्रमांकावरून पहिल्यावर आणलं.

दरम्यान करोलबागेतल्या नाईवाल्यातून ऑइल सीलचे तीन जोड आणून ठेवलेत. २०३३ पर्यंत पुरतील असा माझा अंदाज होता. चाचाजींनी एक सील अंगठ्याने दाबून पाहिलं आणि डबीत परत ठेवलं. रबर डबीतही म्हातारं होतं, म्हणाले. दोनच ठेव, तिसरं याच वर्षी लाव.