रिकव्हरी थांबवायची कशाला?

आमच्या बँकेचा मुख्य (प्रायमरी) डेटाबेस नवी मुंबईत, स्टँडबाय हैदराबादला. दोन्हीकडे ओरॅकल. मुख्य सर्व्हरवर भार नको म्हणून बॅकअप स्टँडबायवरून घ्यायचा, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. पण बॅकअपआधी रिकव्हरी थांबवायची, ही माझ्या आधीपासूनची रीत. बॅकअप चार-साडेचार तास चालायचा. तेवढा वेळ नवी मुंबईहून रिडू येत राहायचा, लागू मात्र व्हायचा नाही. पगाराच्या दिवसांत तर सकाळी काउंटर उघडले तरी स्टँडबाय मागेच. नेमकी तेव्हा नवी मुंबई बंद पडली असती, तर आधी तुंबलेले लॉग लावत बसायचं आणि मग स्टँडबाय उभा करायचा.

‘थांबवायची गरज नाही,’ असं मी म्हटलं तेव्हा सर म्हणाले, ‘चालू फाइलींचा बॅकअप? रिस्टोअर झाला नाही तर वर उत्तर मला द्यावं लागेल.’ त्यांची भीती अगदीच खोटी नव्हती. ते शिकले तेव्हा फाइली सरळ कॉपी कमांडने उचलत. कॉपी होताना ब्लॉक बदलला की अर्धा जुना, अर्धा नवा हाती यायचा. ओरॅकलचं बॅकअप साधन आरमॅन मात्र प्रत्येक ब्लॉकच्या सुरुवातीची आणि शेवटची खूण जुळते का ते पाहतो, नाही जुळली तर पुन्हा वाचतो. फाइली वेगवेगळ्या क्षणांच्या असतात, पण रिडू लावला की एका बिंदूवर येतात.

‘रिस्टोअर करूनच दाखवते, सर.’ रिकव्हरी चालू ठेवून बॅकअप घेतला, टेस्ट सर्व्हरवर उतरवला, त्यातले सगळे अर्काइव्ह लॉग लावले, आणि समोर ओआरए-०११९४: फाइलला अजून रिकव्हरी हवी. सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

कारण निघालं रिअल टाइम अ‍ॅप्लायमध्ये. प्रायमरीवरचा लॉग अर्काइव्ह व्हायची वाट न पाहता स्टँडबाय त्यातले बदल लगेच लावतो. म्हणजे रक्कम खातेवहीत चढली, खातेवहीबरोबर बॅकअपमध्येही गेली. पण तिची नोंद असलेली रोजकीर्द अजून बंदच झालेली नाही, म्हणून ती बॅकअपबाहेर. चालू लॉग स्टँडबायवरून बंद करता येत नाही, ते काम प्रायमरीवरच होतं. आरमॅन त्यासाठी स्वतःहून तिकडे जायला बघतो, पण आमची जुनी स्क्रिप्ट पासवर्डशिवाय ‘टार्गेट /’ अशी जोडायची. त्यामुळे पलीकडे त्याला कोणी आत घेत नव्हतं. त्याने तसं दर रात्री लिहूनही ठेवलं होतं: आरमॅन-०६८२०, प्रायमरीवरचा चालू लॉग अर्काइव्ह करता आला नाही. पण ती वॉर्निंग, एरर नव्हे, जॉब हिरवाच. रिकव्हरी थांबलेली असायची तोवर त्यावाचून फारसं अडलंही नव्हतं.

लॉगिन नीट दिलं, पुढचा बॅकअप टेस्टवर उतरवला, डेटाबेस उघडला. सरांनी स्वतः दोन-चार खाती उघडून पाहिली, मगच सही केली. आता रिकव्हरी चालूच असते.

तुमचाही बॅकअप स्टँडबायवरून होत असेल, तर कालच्या जॉबच्या लॉगमध्ये ०६८२० शोधा. सापडला, तर हिरव्या खुणेकडे न बघता तो जॉब फेल धरा.